दरोडा, घरफोडी आणि बर्गलरीचा क्लेम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बंद फ्लॅटचं कुलूप तोडून दागिने नेले तरी पेपरात हेडिंग येतं 'फ्लॅटवर दरोडा', दुसऱ्या पेपरात तीच 'चोरी' आणि टीव्हीवर 'रॉबरी'. वाचणाऱ्याला वाटतं सगळं एकच. पण तसं नाहीये, आणि विम्याच्या बाबतीत यात आमच्यासारख्या दुकानदारांचं खरंच नुकसान होतं म्हणून लिहितोय.

आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या नवीन भारतीय न्याय संहितेत थेफ्ट म्हणजे साधी चोरी कलम 303 मध्ये आहे. मारहाण केली, अडवून ठेवलं किंवा धाक दाखवला तर ती रॉबरी, जिला पोलीस जबरी चोरी म्हणतात, कलम 309. आणि तेच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं तर डकॉयटी म्हणजे दरोडा, कलम 310. म्हणजे घरात कुणी नव्हतंच, कुणाला धमकावलंच नाही, तर तो दरोडाही नाही आणि रॉबरीही नाही, ती घरफोडी.

आता विम्याचं बघा. दुकानाची पॉलिसी घेताना एजंट सांगतो 'चोरीचा विमा आहे', कागदावर मात्र बर्गलरी लिहिलेलं असतं. हा शब्द आधी आयपीसीत नव्हता आणि आता न्याय संहितेतही नाही, त्यामुळे त्याचा अर्थ पॉलिसीत जो दिलाय तोच धरला जातो, आणि तो बहुतेक वेळा असा असतो की चोर जबरदस्तीने, तोडफोड करून आत शिरला किंवा बाहेर पडला पाहिजे. नोकराने गल्ल्यातून पैसे नेले, गर्दीत गिऱ्हाईकाने माल पिशवीत टाकला, तर ती थेफ्ट, क्लेम मिळत नाही. बनावट किल्लीने कुलूप उघडलं तर कायद्यात ती हाऊसब्रेकिंग म्हणजे घरफोडी होते कारण तिथे कुलूप उघडणंही धरलंय, पण पॉलिसीतली तोडफोड कुठून दाखवणार? माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा क्लेम अगदी याच कारणाने गेला, एफआयआर होता, पंचनामा होता, तरी गेला.

सुप्रीम कोर्टानेही 2004 साली हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच धरलं, की पॉलिसीत बर्गलरीची व्याख्या दिलेली असेल तर तीच लागू, जबरदस्ती झालीच नाही तर भरपाई नाही. पण त्याच निकालात कोर्टाने असंही म्हटलंय की ही व्याख्या इतकी कडक आहे की सामान्य माणसाला ती कळणं अवघड आहे, विमा कंपन्यांनी ती बदलावी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षं उलटून गेली तरी पॉलिसी इंग्रजीतच हातात पडते आणि सही कुठे करायची तेवढंच दाखवतात.

तर माझं म्हणणं असं की कंपन्यांनी पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहावं, कुठली चोरी धरली आहे आणि कुठली नाही. व्यापाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी विचारावं की साधी थेफ्ट यात आहे का, नसेल तर ती वाढवून मिळेल का, आणि उत्तर लेखी घ्यावं. आणि आपल्या पेपराला विनंती, बातमी देताना पोलिसांनी कुठलं कलम लावलंय ते विचारून मगच दरोडा, जबरी चोरी की घरफोडी ते छापा.

आपला,
एक किराणा दुकानदार, सांगली