रस्सा मोजून, शुल्क न विचारता

महोदय,
पोराच्या पहिल्या पगाराचं जेवण म्हणून रविवारी चौघं शहरातल्या एका झगमगीत हॉटेलात गेलो. मटण मऊ होतं, खोटं कशाला बोलू. पण पांढरा रस्सा आला औषधाच्या मापाएवढ्या वाटीत, अन् दुसऱ्या वाटीचे ८० रुपये! कोल्हापुरात? बिल २,४०० रुपये, वर न विचारता १० टक्के सेवा शुल्क आणि त्या शुल्कावरही जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच अशा परस्पर आकारणीला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. एवढं म्हटल्यावर २४० रुपये निमूट कमी झाले. वेटरच्या हातावर मी खुशीने १०० ठेवले. शेजारच्या टेबलावर मात्र तसलंच बिल गेलं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

– एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर