आत्याच्या अर्जातली खोडलेली ओळ

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातात देऊ शकले असते. पण तुम्ही नेहमीसारखं "बरं बरं" म्हणून घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणाला कळलंही नसतं. म्हणून उघडच लिहिते आहे. गावाचं, माणसांचं नाव घेत नाही. संघातल्यांना मी कुणाबद्दल लिहिते आहे ते ओळखता येईल, तेवढं पुरे.

आत्याने घर दादाच्या नावावर केलं ते २०२१ मध्ये. आत्याचे यजमान गेले होते, मूलबाळ नाही, दादा सख्खा भाचा, त्याने सांभाळायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. बक्षीसपत्राचा कच्चा मसुदा घेऊन आत्या संघाच्या बुधवारच्या बैठकीला आली आणि तुम्हाला म्हणाली, भाऊ, जरा वाचून दाखवा. पोस्टमनकीच्या नोकरीत तुम्ही गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची पत्रं वाचून दाखवली होती, त्यामुळे असे कागद तुमच्याकडेच यायचे. तुम्ही वाचून दाखवलंत आणि म्हणालात, यात एक वाक्य कमी आहे. दस्त घेणाऱ्याने आक्कांना हयातभर राहायला जागा, अन्न, कपडा आणि औषधपाणी द्यायचं, या अटीवरच हे घर दिलंय, असं लिहून घ्या.

दस्त लिहिणारे म्हणाले, घरातल्या घरात असल्या अटी कशाला? दादाला राग आला. काका, मीसुद्धा पुण्याहून फोनवर तेच म्हणाले होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "विश्वास आहे ना? मग लिहायला काय जातंय?" एवढंच बोललात. वाक्य लिहिलं गेलं.

त्या वाक्यामागे कायदा आहे हे मला तीन वर्षांनी कळलं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं २३ वं कलम तुम्ही मला दुपारभर समजावून सांगितलंत. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात एका निकालात अशी अट महत्त्वाची मानली. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला हवा असंही सांगितलं. आत्याच्या बाबतीत मात्र अर्थ लावत बसायची वेळच आली नाही. वाक्य दस्तातच होतं. मूलबाळ नसलेल्या माणसालासुद्धा, ज्याला त्याची मालमत्ता मिळाली किंवा मिळणार आहे अशा नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो, हेही मला तुमच्याकडूनच समजलं. तोवर मला वाटायचं, हा कायदा फक्त पोटच्या पोरांसाठी आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात आत्या लागोपाठ दोन बुधवार बैठकीला आली नाही. हजेरीच्या वहीत तुम्ही तिच्या नावापुढे पेन्सिलीने टिंब करून ठेवलं होतं, ती वही मी नंतर पाहिली. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी गेलात. ती मागच्या पडवीत होती. पत्रा गळत होता, ट्रंकेवर प्लॅस्टिक टाकलेलं होतं आणि तिची चूल वेगळी झाली होती. माझा रविवारचा फोन त्या सबंध महिन्यात चुकला नव्हता आणि "मी बरी आहे गं" हे उत्तरही चुकलं नव्हतं.

पुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. तुम्ही मला लगेच कळवलं नाहीत. आधी तिला विचारलंत, पुण्याला सांगू का? ती नको म्हणाली. तुम्ही तिचा शब्द मोडला नाहीत. पत्र्यावर ताडपत्री टाकून दिलीत, रोज एक चक्कर मारलीत आणि ती हो म्हणेपर्यंत थांबलात. मला हे कळलं तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. आज वाटतं, घर गेलं, खोली गेली, तेव्हा "कुणाला सांगायचं ते मी ठरवीन" एवढीच एक गोष्ट तिच्या हातात उरली होती. ती तुम्ही काढून घेतली नाहीत.

दादाकडे तुम्ही तीनदा गेलात. चहा घेतलात, समजावलंत, चावडीवर एक शब्द बोलला नाहीत. त्याचं ऐकायचं मन नाही असं दिसल्यावरच अर्जाचं ठरलं. ज्येष्ठाला स्वतःला जमत नसेल तर कायद्याने संस्थेलाही त्याच्या वतीने अर्ज करता येतो, पण तुम्ही म्हणालात, अर्ज आक्कांच्याच नावाने जाईल, संघ बरोबर राहील. मसुदा मोठ्या अक्षरात लिहून तुम्ही तिला वाचून दाखवलात, तेव्हा मी तिथेच बसले होते. "मला उपाशी ठेवण्यात आले" या ओळीवर तिने हात वर केला. "हे खोटंय. भाकरी देत होते. पंक्तीला घेत नव्हते." तुम्ही ती ओळ खोडलीत आणि सबंध अर्ज पुन्हा लिहून काढलात. दुसऱ्या कुणीही, मीसुद्धा, ती ओळ तशीच ठेवली असती. तेवढ्याने अर्ज वजनदार झाला असता ना.

प्रांतसाहेबांपुढे तुम्ही तिच्या मागच्या खुर्चीत बसलात, कापडी पिशवीत झेरॉक्सचे तीन संच घेऊन. विचारलं तिला, बोलली तीच. "मी घर परत मागायला आले नाही. पुढची खोली द्या आणि ताट सगळ्यांबरोबर वाढा." दादाने मान वर केली नाही. निर्वाहाचा अर्ज निकाली काढायला कायद्याने ९० दिवसांची मुदत दिलीय, आमचं दुसऱ्या तारखेला समजुतीने मिटलं आणि तसा आदेश निघाला. आता ती पुढच्या खोलीत आहे. दादा आणि तिच्यात पूर्वीसारखं बोलणं नाही अजून, पण औषधं तो आणतो. गावात दादाला मान खाली घालून फिरावं लागलं नाही, हेही तुमच्यामुळेच. तो माझा भाऊ आहे, काका. त्याच्यासाठीही मी तुमचे आभार मानते.

हे एकट्या आत्याचं नाही, हे मला ठाऊक आहे. बँकेचं पेन्शनचं काउंटर वरच्या मजल्यावर गेलं तेव्हा तुम्ही पायऱ्या मोजल्यात. निवेदनात लिहिलंत, "२२ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला." मग मॅनेजरांना खाली बोलावून एका आजोबांबरोबर सावकाश वर चढायला लावलंत. पुढच्या महिन्यापासून खाली टेबल लागलं. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये अडकलेल्या बायकांना घेऊन तुम्ही आधार केंद्रात दिवसदिवस बसता. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्याबद्दलची तुमची निवेदनं अजून जातातच, सह्यांचे कागद व्यवस्थित टाचून. आणि १४५६७ हा एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा, नंबर प्रत्येक सभासदाच्या घरात भिंतीवर लावलाय तो तुमच्याच अक्षरात. आमच्याकडे तो कॅलेंडरच्या खिळ्याला आहे.

हे सगळं तुम्ही वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, बिनपगारी करता. वेळी-अवेळी दार वाजलं की काकू उठतात आणि चहा टाकतात. त्यांचेही आभार, आणि खरं तर ते आधीच मानायला हवे होते.

मी ठरवलंय ते सांगते. महिन्यातला दुसरा शनिवार मी गावी येईन. ऑनलाइन अर्ज, मोबाइलवरचे हयातीचे दाखले, स्कॅनिंग, हे माझ्याकडे द्या. कसं बोलायचं आणि केव्हा गप्प राहायचं, ते तुमच्याजवळ बसून शिकेन.

आत्या शेजारीच बसलीय. तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते: "भाऊंना सांग, कुरडया केल्यात. बुधवारी बैठकीला घेऊन येते. डबा परत द्यायची घाई नाही."

तुमची,
आक्कांची भाची