प्लेट लावण्याआधी विचारायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जिममध्ये आज सर्टिफाइड पर्सनल ट्रेनर म्हणून काम करणारी बरीच मुलं-मुली तुमच्या हाताखाली तयार झाली. त्या सगळ्यांच्या वतीने हे आभाराचं पत्र. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते या कामात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी. कमावलेलं अंग दिसलं की हा शिकवणारच, असं लोक धरून चालतात. तुम्ही मात्र डंबेलआधी हातात पार-क्यू प्लसचा फॉर्म, म्हणजे व्यायामाआधीची तब्येतीची प्रश्नावली, दिलात. सात प्रश्न: हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुनाट आजार, चालू औषधं, हाडा-सांध्यांची तक्रार, आणि फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा असा सल्ला. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तर पुढची पानं भरल्याशिवाय बारला हात लावू द्यायचा नाही. गोळी घेऊन रक्तदाब ताब्यात असलेला माणूस ‘बीपी नाही’ असंच सांगतो, म्हणून ‘रोजची गोळी कुठली?’ असं वेगळं विचारायचं, हे तुमचंच. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणारी गोळी, चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही, बोलताना धाप किती लागते ते बघायचं.

बाकीच्यांसाठी व्यायामात नाडी किती ठेवायची याचा हिशेब तुम्ही फळ्यावर मांडायचात. वय 40, विश्रांतीची नाडी 70. 220 मधून 40 गेले, 180, ही नाडीची अंदाजे कमाल. त्यातून 70 गेले, 110 हाती राहिले. त्याचे 50 टक्के 55, त्यात 70 परत मिळवले की 125. शेवटचे 70 मिळवायचे राहिले की उत्तर 55 येतं, आणि जिवंत माणूस विश्रांतीपेक्षा कमी नाडीवर धावतो असा अर्थ निघतो! परीक्षेत याच पायरीला मुलं घसरतात.

परीक्षेचंही तसंच. एसीई आणि एनएएसएम या ट्रेनरचं प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्था. एसीईचे 150 प्रश्न, तीन तास, 800 पैकी 500 ला पास. एनएएसएमचे 120 प्रश्न, दोन तास. मराठी किंवा कन्नड माध्यमातल्या मुलांना विषय येतो. अडतं ते ‘सर्वांत आधी काय कराल?’ अशा लांबलचक इंग्रजी प्रश्नात. चारही पर्याय बरोबर वाटतात. शेवटची ओळ आधी वाचा, मग माणसाची माहिती वाचा, ही तुमची सवय मुलांच्या अंगवळणी पडली. नोंदणीचं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळवून घ्यायलाही तुम्हीच बजावलंत. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि ऐन वेळी प्रवेश अडतो. सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचं, प्रमाणपत्रही नुसतं ऑनलाइन चालत नाही, पुतळ्यावर हात चालवावाच लागतो: मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल.

सगळ्यात जास्त ऋण स्क्वॉटचं. तालमीतली बैठक चवड्यावर येऊन मारतात, टाच उचलणारच. तोच पैलवान पाठीवर बार घेतो तेव्हा टाच उचलली की भार पुढे सरकतो आणि कंबर वाकते. ‘टाच खाली ठेव’ असं ओरडून काही होत नाही. तुम्ही त्याला भिंतीसमोर उभं करायचात: अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर, टाच जमिनीवर, गुडघा भिंतीला लागतो का? लागला नाही तर घोटा आखडलेला आहे. तोवर टाचेखाली अडीच किलोची प्लेट, बारऐवजी छातीशी डंबेल, आणि रोज पोटरीचा ताण. वजन वाढवायचं ते ठरलेल्यापेक्षा दोन रेप्स (आवर्तनं) जास्त निघू लागल्यावरच, तेही दोन ते दहा टक्के. गुडघ्याचं दुखणं ‘सवयीने जाईल’ म्हणून चालू ठेवू द्यायचं नाही.

आहाराचा तक्ता आजाऱ्याला लिहून द्यायचा नाही, अंग कमावायला स्टेरॉइडच्या इंजेक्शनची चौकशी आली तर तिथेच नाही म्हणायचं, पॅकेजचे पैसे आणि रद्द झालेल्या सेशनचा नियम आधीच कागदावर घ्यायचा. या गोष्टी तुम्ही फी न घेता सांगितल्यात, याचं मोल फार आहे. चिकोडीकडून येणाऱ्या कन्नड भाषकांसाठी ‘उसिरु बिडी’ म्हणजे श्वास सोडा, ‘नोवु’ म्हणजे दुखणं, एवढं तरी ट्रेनरला यायलाच हवं, हा तुमचा आग्रहही रास्तच. रक्तदाबाच्या माणसाने श्वास कोंडून वजन उचलू नये, हे त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

तुमचा फॉर्म आता मराठी आणि कन्नड दोन्हीत तयार केला आहे. औषधांचा रकाना मोठा ठेवलाय. कच्ची प्रत सोबत जोडतोय; लाल पेनाने दुरुस्त्या करून द्या, मग खानापूर आणि निपाणीच्या जिमसाठी झेरॉक्स काढतो.

तुमचे कृतज्ञ,
बेळगाव परिसरातले ट्रेनर