पुण्यात येऊन गेलो, तुला सांगितलं नाही

संत्या,

तुझे चार फोन येऊन गेले, एकही उचलला नाही, आणि शेवटी 'जरा गडबडीत आहे, करतो' असा मेसेज टाकून दिला. गडबड काही नव्हती बे. आता शिल्पा आणि अदू झोपलेत, लाइट गेलीय, गच्चीत बसून मोबाईलवर टाइप करतोय. लांबेल, पण वाच.

आधी हे सांगतो, नाहीतर पुढं धीर व्हायचा नाही. या वर्षात आम्ही तिघं सोलापूरहून दोनदा पुण्याला येऊन गेलो. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं यायचं, डॉक्टरकडं जायचं आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत. दुसऱ्या खेपेला तर दवाखान्यापासून तुझं घर रिक्षानं दहा मिनिटांवर होतं, शिल्पा म्हणाली जाऊया की, भावजींना कळलं तर काय वाटेल, आणि मीच नको म्हणालो. तुझी परी आमच्या अदूपेक्षा चार महिन्यांनी लहान, आणि व्हिडिओ कॉलवर ती बाहुली कॅमेऱ्यासमोर धरून मला 'काका बघ' म्हणते. मला ते समोर बसून बघवलं नसतं. तुझ्या पोरीचा हेवा वाटला रे मला, जिला जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मांडीवर घेतलं होतं तिचा. त्याची इतकी लाज वाटली की तुझा फोनच उचलेना झालो.

तर अदूला ऑटिझम असू शकतो असं डॉक्टर म्हणतात. अजून पक्कं नाही, सहा महिन्यांनी परत बघणार आहेत. तो आता दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे.

दीड वर्षाचा होता तेव्हा तीन शब्द होते त्याच्याकडं. बाबा, मम्मं, आणि सासूबाईंकडून उचललेलं कन्नड 'बा', म्हणजे ये. मग ते कधी गेले आम्हाला कळलंच नाही, शब्द येताना सगळं घर टाळ्या वाजवतं, जाताना कोण लक्ष ठेवतंय. नावानं हाक मारली की मान वळवेना. आम्हाला वाटलं कानाचं काहीतरी असेल. पण तुला माहितीय आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, आणि नळाला पहिली हवा सुटली की तो जो बारीक फुसकारा येतो ना, तो आतल्या खोलीत खेळणाऱ्या अदूला माझ्या आईच्या आधी ऐकू यायचा, सगळं टाकून धावत हौदापाशी. म्हणजे कान तर चांगलेच होते. मग माझी हाक का ऐकू येत नाही? (पुण्याच्या डॉक्टरांनी तरी कानाची बेरा टेस्ट करायला लावलीच, म्हणाले नळाचा आवाज ऐकतो म्हणून बोलण्यातले सगळे आवाज ऐकतो असं धरून चालायचं नाही. नॉर्मल आली.)

इथं एका लहान मुलांच्या डॉक्टरना दाखवलं होतं, ते म्हणाले मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षं होऊ द्या. आई म्हणाली तू पण अडीच वर्षांपर्यंत मुकाच होतास. ही दोन वाक्यं मी उशाला घेऊन झोपलो संत्या, सात महिने. डॉक्टरवर राग आहेच, पण मलाही तेच ऐकायचं होतं.

मग शिल्पाची अक्कलकोटची मावसबहीण आली, ती अंगणवाडीत आहे. जेवताना तिनं सहज विचारलं, 'हा बोटानं दाखवतो का गं?' आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. त्याला पाणी हवं असलं की तो माझं मनगट धरून, चेहऱ्याकडं न बघता, माठापाशी ओढत न्यायचा आणि माझा हात माठावर ठेवायचा. ते मागणं झालं. पण विमान, कुत्रं, चंद्र, हे बघ बाबा म्हणून त्यानं मला कधीच काही दाखवलं नव्हतं. मूल साधारण दीड वर्षापर्यंत असं दाखवायला लागतं म्हणे, आपल्याला आवडलेलं दुसऱ्यानंही बघावं म्हणून. त्या रात्री मी त्याचे सगळे जुने व्हिडिओ बघितले, अडीच वाजेपर्यंत. एकातही बोट नाही.

तेव्हा तो दोन वर्षं चार महिन्यांचा होता. पुण्याच्या डॉक्टरांनी एम-चॅट भरून घेतलं, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असतं ते, हो-नाहीचे २० प्रश्न. त्यातला पहिलाच प्रश्न असा की तुम्ही खोलीत पलीकडच्या वस्तूकडं बोट केलं तर मूल तिकडं बघतं का. पेन हातात धरून बसलो होतो मी, शिल्पानं घेतलं आणि लिहिलं. यावरून निदान होत नाही, नीट तपासायची गरज आहे एवढंच कळतं, हे त्यांनी दोनदा समजावलं. मग मुख्य दोन गोष्टी बघतात, एक म्हणजे लोकांशी देवाणघेवाण, नजर, खुणा, बोलणं, आणि दुसरी म्हणजे तेच ते परत परत करणं, ठरावीक गोष्टींचाच नाद, आवाज-स्पर्श फार लागणं नाहीतर अजिबात न लागणं.

आवाजाचं तर काय सांगू. मिक्सर लावला की कानावर हात घेऊन थरथरतो, म्हणून शिल्पा शेंगाचटणीसुद्धा खाली शेजारच्यांच्या उखळात कुटून आणते. आणि तोच पोरगा समोरच्या कारखान्यात टॉवेलचे माग खडखडत असतात तिथं अर्धा तास शांत उभा राहतो, फिरणाऱ्या कांड्यांकडं बघत, हात पाखरासारखे हलवत. आपल्याला दोन्ही आवाजच, पण मागाचा ठेका ठरलेला, मिक्सर कधी सुरू होईल नेम नाही. हे मला डॉक्टरनी नाही सांगितलं, बघून बघून कळलं. गेल्या संक्रांतीला मी त्याला गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला नेलं होतं, खांद्यावर बसवून, माझे वडील मला न्यायचे तसं. होम मैदानावर दारूकाम सुरू झालं आणि तो असा किंचाळला की माझे केस धरून मुठीत उपटले, खाली उतरवलं तर मातीत लोळायला लागला, आणि बाजूची एक बाई म्हणाली, काय लाडावून ठेवलंय. मी त्याला रागावलो रे तिथं. एक चापट मारली. ती चापट माझ्या हातावरनं अजून गेलेली नाही.

आणि लोक कारणं शोधून देतात. घरात मराठी, सासूबाई कन्नड, खाली सगळे तेलुगू, पोरगं गोंधळलंय म्हणे. सासूबाईंनी दोन महिने त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं, नुसत्या जवळ बसून राहायच्या. स्पीच थेरपिस्टनी त्यांना मुद्दाम बोलावून सांगितलं की जास्त भाषांमुळं ऑटिझम होत नाही, बोलणं मागंही पडत नाही, तुमच्या मनातली भाषा बोला. घरी येऊन त्या दारातनंच 'बा इल्ली, अदू' म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. लसीमुळं ऑटिझम होतो असंही कुणी काढतं. ते १९९८ मधल्या एका इंग्लिश डॉक्टरच्या पेपरवरनं सुरू झालं, फक्त १२ मुलांवरचा, २०१० मध्ये तो पेपर मागं घेतला गेला आणि त्याचं डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनही गेलं. परीचे सगळे डोस वेळेवर दे. मोबाईलबद्दल मी स्वतःलाच खात होतो, कारण जेवताना लावून द्यायचो. डॉक्टर म्हणाले मोबाईलनं ऑटिझम होत नाही, पण त्या वेळात त्याच्याशी कुणी बोलत नाही, तो वेळ परत मिळवा. आता बंद आहे, पहिले आठ दिवस फार वाईट गेले, मग नाही. आणि शिल्पाला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही, नोकरी करणाऱ्या आईचं पोर असंच होतं, हे तिला आमच्याच घरातल्या माणसानं सांगितलं. पूर्वी परदेशातले मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे आई थंड असते म्हणून मूल असं होतं, कितीतरी बायकांनी आयुष्यभर ते डोक्यावर वाहिलं आणि ते धादांत खोटं होतं. आता आमच्या घरात हे कुणी बोललं तर मी गप्प बसत नाही.

निदानाची वाट न बघता थेरपी सुरू केलीय, इथंच, आठवड्याला दोन दिवस ऑक्युपेशनल आणि एक दिवस स्पीच. पण खरं काम घरीच. त्याच्या समोर जमिनीवर बसायचं, तो जे करतोय तेच आपण करायचं, थोडकं बोलायचं, आणि मग थांबायचं. हे थांबणं लई अवघड आहे. साबणाचे फुगे एकदा फुंकायचे आणि बाटली धरून गप्प बसायचं, मनात पाच-सहा आकडे मोजायचे, तो काहीतरी करेपर्यंत. आधी तो बाटली ओढायचा. मग हात लावायला लागला. चित्रांची कार्डंपण दिलीत, पाणी, भाकरी, बाहेर. आईला भीती होती की कार्डं दिली तर बोलणार कशाला, पण तसं होत नसतं म्हणे, उलट सांगता आलं की चिडणं कमी होतं. झालंय कमी.

आमच्या दोघांत एकच वाद आहे. शिल्पाला कागदावर ऑटिझम हे नाव नको आहे, निदान शाळेत जाईपर्यंत तरी. मला हवंय. एका प्लेग्रुपनं आठ दिवसांत 'याला घरीच ठेवा' म्हणून परत पाठवला, तेव्हा ती म्हणाली बघ, नाव नसताना हे, तर नाव असल्यावर काय करतील. माझं म्हणणं उलटं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, शाळेत भांडायला आधार मिळतो, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा आहे वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो, आणि आमचा थेरपीचा खर्च माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याला गेलाय. तुला काय वाटतं ते मला खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

गेल्या मंगळवारी पाणी आलं. नेहमीसारखा धावत गेला, मी मागं. नळाखाली हात धरून धार फोडत होता, ऊन पडलं होतं, थेंब उडत होते, आणि त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताकडं नाही, तोंडाकडं. मग परत पाण्याकडं, मग परत माझ्याकडं. बोट नाही केलं. शिल्पाला ऑफिसात फोन लावला तर मला बोलताच येईना, तिला वाटलं पोरगं पडलं.

दिवाळीत तू येणारच आहेस. वहिनी आणि परीला घेऊन सरळ आमच्याकडंच ये, हॉटेल बिटेल नको. फक्त आल्या आल्या 'काय हिरो' म्हणून ओरडून त्याला वर उचलू नको, तुझी सवय आहे म्हणून सांगतो. जवळ जमिनीवर बस, त्याच्याकडं एकटक बघू नको, यायचा तेव्हा येईल तो. 'बोल की रे, काका म्हण' असं म्हणायचं नाही. परीला सांग की अदूदादा उत्तर देत नाही पण त्याला फुगे आवडतात, पोरांना एवढं पुरतं. फटाके आमच्या दारात वाजणार नाहीत, पण गल्लीचं माझ्या हातात नाही, म्हणून लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी आम्ही गाडी काढून विजापूर रोडनं गावाबाहेर जाऊन थांबायचं ठरवलंय, नऊ-दहापर्यंत. तू गाडीत पुढं बस माझ्याबरोबर. फराळाचा डबा घेऊ.

लाइट आली. उद्या रात्री फोन कर, साडेनऊनंतर, तो झोपलेला असतो. उचलतो.

तुझा,
राजू