घटीची वही घेऊन ये

कोल्हापूर,
सोमवार

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "चांदीच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचंय, दोन कोटेशनं आलीत, कुणाला देऊ?" तेव्हा मी आमच्या फाउंड्रीत भट्टीपाशी होतो, ओतकामाची वेळ होती, नीट बोलता आलं नाही. फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतंही. या कामात मी दोनदा पैसे घातले आणि पहिल्यांदाचे सगळे बुडाले. तुझे बुडू नयेत म्हणून आज सोमवारची सुट्टी बघून सविस्तर लिहायला बसलोय.

आधी ते बुडालेल्या पैशांचं सांगतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पुढच्या एप्रिलपासून परराज्यात माल धाडायला ई-वे बिल लागायला लागलं, आणि आण्णा म्हणाले, आता वहीवर भागणार नाही. एका कंपनीचं तयार पॅकेज घेतलं. डेमो फार सुरेख होता. खरेदी, स्टॉक, विक्री, सगळे तक्ते रंगीत. आम्ही भुललो. त्या माणसांनी आमची भट्टी एकदाही पाहिली नव्हती, आणि आम्हीही त्यांना "आधी येऊन बघा" असं म्हटलं नाही.

आमच्याकडं एका हीटला, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याला, ५०० किलो धातू वितळतो. त्यातून कास्टिंग, म्हणजे ओतलेले नग, निघतात साधारण ३०० किलो. पावणेदोनशे किलो रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांत, जातं आणि उरलेलं जळण्या-सांडण्यात. ते रनर-रायझर फोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीत. म्हणजे काल जे उरलं तोच आजचा कच्चा माल. पॅकेजच्या हिशेबात मात्र एका नगाला अमुक किलो लागले की ते संपले. महिन्याच्या शेवटी स्क्रॅपचा साठा कधी उणे दिसायचा, कधी यार्डात नसलेले बारा टन दिसायचे. त्यात आम्ही पिग आयर्न आणि स्क्रॅप किलोवर घेतो, माल काही गिऱ्हाइकांना किलोवर देतो, काहींना नगावर. मग सुपरवायझर दिवसभर रजिस्टर लिहायचा आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून आकडे जुळवायचा. जुळवायचा म्हणजे काय, पडद्यावर लाल रंग येऊ नये एवढ्यासाठी काहीतरी भरायचा. वर्षभर हे चाललं. ते आकडे बघून मी दर ठरवत होतो, हे आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

नंतर ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी तुला वेगळं सांगायला नको. शिरोलीजवळ हायवे बंद, गाड्यांच्या रांगा, गावात शिरता येईना. आमचं ऑफिस तेव्हा शाहूपुरीत, तळमजल्याला. कॉम्प्युटर पाण्यात, रजिस्टरं पाण्यात, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच कपाटाच्या खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर आम्ही रजिस्टरं उन्हात पसरली, पण शाईच उतरून गेली होती. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, मशीनिंग करताना काही नगांना भेग दिसतेय. नगावर हीट नंबर ओतलेला होता, तो त्यांनी वाचून दाखवला. पण त्या हीटला कुठलं स्क्रॅप पडलं होतं, स्पेक्ट्रोचं रीडिंग (धातूत काय किती आहे त्याचं मोजमाप) काय होतं, त्याच हीटचा माल आणखी कुणाकडं गेला होता, यातलं काही सांगता आलं नाही. सगळा लॉट फुकटात बदलून दिला. पैशापेक्षा आण्णांचा चेहरा लक्षात राहिला. चाळीस वर्षं या माणसानं गिऱ्हाइकाला कधी "माहीत नाही" असं सांगितलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा करायचं ठरलं तेव्हा आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. राजारामपुरीतली दोन पोरं मिळाली, स्वतःचं छोटं काम करणारी. त्यांना सांगितलं, पहिले दोन महिने कोड लिहायचा नाही, पैसे देतो, फक्त कागदामागं फिरा. स्क्रॅपची गाडी वजनकाट्यावर आली की तिथली चिठ्ठी कुठं जाते, मोल्डिंगवाला काय लिहितो, भट्टीवाला काय लिहितो, फेटलिंगला, म्हणजे नग साफ करताना, ते मोजतो कोण. अकरा तऱ्हेचे कागद निघाले. त्यातल्या चार ठिकाणी एकच वजन लिहिलं जात होतं आणि चारही वजनं वेगळी. ते बघितल्यावर घरातच दोन दिवस वाद झाला, खरं वजन कुणाचं मानायचं. भावा, तो वाद सॉफ्टवेअरवाला सोडवू शकत नाही. तो घरातच मिटवावा लागतो, आणि कोड लिहायच्या आधी मिटवावा लागतो.

मग प्रश्न आला, काय विकत घ्यायचं आणि काय बांधायचं. सगळंच नव्यानं बांधू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगतो. हिशेब टॅलीतच ठेव. तुझा सीए तेच बघतो, कायदा बदलला की तेच बदलून येतं. ई-इन्व्हॉइसचंच बघ ना. ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, मग १००, ५०, २०, १० असं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं आणि आम्ही त्यात सापडलो. हे जर मी स्वतः बांधलेलं असतं तर प्रत्येक पायरीला त्या पोरांना बोलावून पैसे मोजावे लागले असते. शिवाय तुझी आता प्रायव्हेट लिमिटेड झालीय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. ही जोखीम घरच्या कोडवर कशाला घ्यायची?

खरेदी, स्टोअर, विक्री यासाठी आम्ही ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर घेतलं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, कोड खुला आहे, लायसन्सला पैसे नाहीत. ते सुरू करणारे रुषभ मेहता स्वतः घरच्या फर्निचरच्या धंद्यात असल्याच अडचणीत सापडले होते, हे कळल्यावर मला जरा धीर आला. फुकट म्हणजे खर्च नाही असं मात्र समजू नकोस. बसवायला, शिकवायला, सर्व्हरला पैसे लागतातच. त्याच्यावर आम्ही आमचं स्वतःचं तेवढंच बांधलं: हीटचं रजिस्टर, रिजेक्शन, आणि बाहेर मशीनिंगला जाणारा माल.

हा शेवटचा भाग तुझ्या कामाचा आहे. उद्यमनगरात आम्ही जॉबवर्कला माल पाठवतो तेव्हा चलनावर जातो, आणि जीएसटीच्या नियमानं तो वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. आमची सिस्टिम दहाव्या महिन्यात त्या चलनाची आठवण करते. तुझ्याकडं तर सगळा धंदाच असा आहे. चांदी वजनानं कारागिराकडं जाते, पैंजण होऊन वजनानं परत येते, मध्ये वजन कमी होतं ती घट. कुणाला किती टंचाची (शुद्धतेची) दिली, किती आली, घट किती धरायची, मजुरी कशी. माझा जसा हीट नंबर, तशी तुझी ती घटीची वही. कोटेशन देणाऱ्या दोघांपैकी कुणी ती वही उघडून बघितली का, एवढंच मला सांग. माझं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलायचा विचार असेल तर तोही सोड. तुझ्या मालाला जीएसटी ३ टक्के, जॉबवर्कला ५, चांदीच्या दागिन्यांना ई-वे बिलातून सूट. माझ्यात हे काहीच बसणार नाही.

आता कराराचं. हे मला आमच्या वकिलांनी सांगितलं नसतं तर पुन्हा फसलो असतो. आपण पैसे देऊन बाहेरच्याकडून कोड लिहून घेतला म्हणून तो आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो लिहिणाऱ्याचाच राहतो, जोपर्यंत तो लेखी सही करून आपल्या नावे करत नाही तोपर्यंत. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर फक्त पाच वर्षं धरतात. म्हणून मुदत स्पष्ट लिहून घे. कोड दर महिन्याला तुझ्याकडं जमा झाला पाहिजे. डेटा कधीही एक्सेलमध्ये काढून घेता आला पाहिजे. बॅकअप रोज, आणि एक प्रत गावाबाहेर. आमची आता दुसऱ्या राज्यातल्या सर्व्हरवर असते. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा त्या दिवसांत मला झोप लागली ती त्यामुळंच. पैसे टप्प्यानं दे, आणि शेवटचा टप्पा एक पूर्ण महिना वही आणि सिस्टिम जुळल्यावरच.

माणसांचं राहिलंच. भट्टीवरचे आमचे काका, सत्तावीस वर्षं आहेत. टॅब आला त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं त्यांना जमणार नाही याची भीती असेल. नंतर संध्याकाळी हळूच म्हणाले, "मालक, यात माझ्या चुका मोजणार काय?" मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, रिजेक्शनच्या आकड्यावरून कुणाचा एक रुपया कापणार नाही. आणि आजवर कापला नाही. पडद्यावरची बटणं सगळी मराठीत केली, नग बाद होण्याची कारणंही त्यांच्याच तोंडची ठेवली: ब्लो होल (नगात वायूनं पडलेलं भोक), वाळू पडली, थंड ओतलं. आधी इंजिनिअरिंगच्या पुस्तकातली बावीस कारणं होती, तेव्हा सगळे "इतर" दाबायचे. भट्टीजवळ वाळू आणि धुरात टॅब टिकेना, म्हणून तिथं कागदाची चिठ्ठीच ठेवली आणि शिफ्ट संपल्यावर एक पोरगा ती भरतो. पोरांना ते पटलं नव्हतं, पण मी हट्ट धरला.

आणि एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात ब्लो होल वाढले. दरवर्षीच वाढतात, कोअर (नगातल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) ओलावा धरतो हे आमच्याकडं पोरासोरालाही माहीत. पण काकांनीच त्या पोरांना विचारलं, कोअर कधी केला ती तारीख पण लिहिली तर? एक रकाना वाढवला. महिन्याभरात दिसलं की दोन दिवसांपेक्षा जुने कोअर लागलेल्या नगांतच निम्म्याहून जास्त ब्लो होल आहेत. आता जुलै-ऑगस्टमध्ये कोअर आदल्या दिवशीचाच वापरतो, जुना असला तर पुन्हा ओव्हनमध्ये घालतो. तो रकाना काकांनी मागितलेला आहे, भावा. कुठल्या डेमोत मला तो दिसला नसता.

तर दोन्ही कोटेशनं तूर्त बाजूला ठेव, होकार कुणालाच देऊ नकोस. पुढच्या सोमवारी सकाळी इकडं ये, हुपरीहून तासाभराचा तर रस्ता. भट्टी बंद असते, निवांत बसता येईल. त्या दोन पोरांनाही बोलावतो. येताना मागच्या महिन्याच्या सगळ्या चिठ्ठ्या, आहेत तशा, पिशवीत भरून आण, आणि ती घटीची वही. नीट लावून आणू नकोस. वहिनींना यायला जमलं तर त्यांनाही आण, कारागिरांचा हिशेब त्याच बघतात असं तू म्हणाला होतास, मग त्यांच्याशिवाय बसून उपयोग नाही. जेवायला घरीच, आईनं तांबडा-पांढरा करायचं कबूल केलंय.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच