मागे फिरलेल्यांचा फोटो कोण छापणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उत्तराखंडात बर्फात अडकलेल्या आपल्या भागातल्या तरुणांची बातमी कालच्या अंकात पहिल्या पानावर वाचली. पोरं सुखरूप खाली आली म्हणून मीही देवापुढे साखर ठेवली. पण त्या बातमीला ‘मृत्यूला हुलकावणी देणारे जिगरबाज’ हा मथळा कुणी दिला? दुपारपासून बर्फ पडत होता, वाटाड्याने परत फिरायला सांगितले होते, तरी ही मुले पुढे गेली, हे तुमच्याच बातमीत आहे. मग जिगर नेमकी कुणाची? त्यांना शोधायला रात्री वर गेलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव बातमीत नाही. ‘बचाव पथकाने त्यांना खाली आणले’ या एका ओळीत ती माणसे संपली.

मी एवढी का चिडले, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर उत्तराखंडातल्याच केदारकंठा शिखरावर गेली होती. सांकरी गावातून वर चढतात, तो ट्रेक. माथ्यावर जायच्या दिवशी पहाटेच्या अंधारातच निघावे लागते. बरेच वर गेल्यावर तिच्या लक्षात आले की बरोबरचा एक मुलगा सारखा अडखळतोय. त्याच्या जॅकेटची चेन अर्ध्यावर उघडी होती आणि ती काही त्याला ओढता येईना. बोटे नुसती चेनवरून घसरत होती. काही विचारले तर जड जिभेने तुटक बोलायचा. म्हणत होता, “मला काही नाही झालं, उलट थंडी थांबली माझी.” थोड्या वेळापूर्वी तोच पोरगा दात वाजेपर्यंत कुडकुडत होता.

थंडी थांबली नव्हती, कुडकुडणे थांबले होते, आणि ते फार वाईट लक्षण आहे. शरीराच्या आतले तापमान 35 अंशांच्या खाली गेले की गारठा चढायला लागतो. आणखी खाली उतरले की शरीर कुडकुडायचेही सोडून देते, पाय लटपटतात, डोके चालत नाही. काही जण तर अशा वेळी उकडते म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतात. गारठलेल्याचे त्यालाच कळत नाही, बरोबरच्यालाच ते ओळखावे लागते. माझ्या मुलीने ओळखले. त्या मुलाने आत सुती बनियन घातला होता, तो घामाने चिंब झालेला. आपल्याकडे उन्हाळ्यात सुती कपड्यासारखे सुख नाही, पण बर्फात ओले सुती कापड अंगातली ऊब ओढून घेते. तिने त्याला तो काढायला लावला, आपल्या पिशवीतला कोरडा लोकरी स्वेटर घातला, थर्मासमधले गरम साखरपाणी घोट घोट पाजले. कुणीतरी त्याचे हात खसाखसा चोळायला लागला, त्याला थांबवले. बधिर झालेली बोटे चोळली तर इजा वाढते. मग गावातल्या एका वाटाड्याला बरोबर घेऊन ती त्याच्यासह खाली उतरली. माथा समोर दिसत होता. बाकीचे वर गेले.

परत आल्यावर कॉलेजात सत्कार झाला. माथा गाठलेल्यांनाच स्टेजवर बोलावले. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, भाषणे. माझी मुलगी आणि तो मुलगा खाली खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. संपादक महाशय, तुमच्या जिल्हा पानावर या सत्काराचा फोटो आला होता. खाली सगळ्यांची नावे होती, फक्त या दोघांची नव्हती. तुमच्या वार्ताहराला मी स्वतः फोन केला, तर म्हणाले, “मॅडम, यादी कॉलेजने दिली, ज्यांनी सर केलं त्यांचीच नावं येणार.” गल्लीतल्या बायका विचारायच्या, “एवढे पैसे भरून गेली अन् वर न जाताच आली व्हय?” पोरगी हसून विषय टाळायची. पण पुढच्या वर्षी ग्रुप निघाला तेव्हा तिने नावच दिले नाही. संक्रांतीला त्या मुलाची आई परळीहून एसटीने आली, मुलीला वाण दिले, तिची ओटी भरली आणि म्हणाली, “तुमच्या लेकीनं माझं लेकरू आणून दिलं.” सत्कार झाला तो एवढाच.

आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे 2017 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याजवळ पोहोचूनही खराब हवामानामुळे परत फिरल्या, आणि 2018 मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी माथा गाठला. 2016 मध्ये रफिक शेख यांनी एव्हरेस्ट सर केले तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते, आणि ते योग्यच होते. पण मुलांना सांगायला मला वाघमारे यांचे 2017 चे परत फिरणे जास्त मोलाचे वाटते. तिथून मागे वळायला किती बळ लागले असेल!

आणि हे बचावाचे काम काय असते, ते तरी एकदा नीट छापा. बातमीखाली कुणा वाचकाची प्रतिक्रिया होती की ‘हेलिकॉप्टर आधीच का पाठवले नाही?’ उंचीवर हवा विरळ, त्यामुळे हेलिकॉप्टरच्या पात्यांना पुरेसा उठाव मिळत नाही, माणसे कमी घेता येतात. ढग उतरले की उड्डाण बंद. हिवाळ्यात दिवसही लहान, अंधार पडला की सकाळपर्यंत थांबायचे. मग उरतात ती पायी जाणारी माणसे. 2018 च्या जानेवारीत 8,126 मीटर उंचीच्या नंगा पर्वतावर एलिझाबेथ रेव्हॉल ही फ्रेंच गिर्यारोहक आणि तिचा पोलिश जोडीदार तोमाश मात्स्कीएविच अडकले. त्या वेळी के-टू या शिखरावर हिवाळी मोहिमेसाठी आलेले पोलिश गिर्यारोहक आपली मोहीम बाजूला ठेवून हेलिकॉप्टरने तिकडे गेले. हेलिकॉप्टर त्यांना फक्त पायथ्याकडच्या भागात उतरवू शकले. तिथून डेनिस उरुब्को आणि अ‍ॅडम बिएलेत्स्की हे दोघे रात्रभर अंधारात हजार मीटरहून जास्त चढले आणि रेव्हॉलपर्यंत पोहोचले. तोमाश त्याहून बराच वर होता. हवामान बिघडत होते. त्याच्यापर्यंत जाता येणार नाही, हा निर्णय त्या दोघांना तिथे, त्या थंडीत घ्यावा लागला. जगातल्या सर्वांत तयार माणसांवर ही वेळ येते. मग पाठीवर भाड्याची सॅक अडकवलेल्या आपल्या पोरांना सोडवायला जाणाऱ्या सांकरीच्या वाटाड्याने किती धोका पत्करायचा?

हिवाळाच कशाला, 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रताल सरोवराच्या वाटेवर, बहुतेक कर्नाटकातल्याच असलेल्या 22 जणांच्या गटाला वादळाने गाठले आणि त्यातले नऊ जण गेले. परभणीत पारा पाच-सहा अंशांवर आला तरी आपण तो मथळा करतो, चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. तिथे त्या तापमानाला बरा दिवस म्हणतात. बालाघाटाच्या डोंगरात वाढलेल्या पोराने डोंगर पाहिलेला असतो, पण बर्फ पाहिलेला नसतो. त्याला बर्फाची ओळख पहिल्यांदा तुमच्या बातमीतूनच होते. म्हणून मथळ्यावर एवढे भांडते आहे. जो अडकला त्याला पहिले पान आणि जो वेळेत परतला त्याचे नावही नाही, असे असेल तर पुढच्या वेळी वाटाड्याने फिरा म्हटल्यावर कोण फिरेल?

आपल्याकडे सह्याद्रीत कुणी कड्यावर अडकले की लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेची पोरं धावतात. स्वयंसेवक आहेत, आपापली कामे सोडून जातात. त्यांच्यावर एखादी पुरवणी काढा. कालच्या घटनेत वर गेलेल्यांची नावे तिथल्या पोलिस ठाण्यात फोन केला तरी मिळतील, तीही छापा.

जाता जाता आणखी एक. बातमीसोबतच्या चौकटीत केदारकंठ्याची उंची ‘12,500 मीटर’ छापली आहे. ती फूट आहे हो! एव्हरेस्ट 8,849 मीटर आहे, म्हणजे तुम्ही केदारकंठा त्याच्याही वर नेऊन ठेवला. याआधीही एका बातमीत तुम्ही अशीच फुटाची मीटर केली होती, तेव्हा मी पोस्टकार्ड टाकले होते. दुरुस्ती आली नाही. शाळेतली मुले तुमची कात्रणे प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात आणि तोच आकडा परीक्षेत लिहून येतात. निदान एवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर द्यावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)