‘दुसरा चंद्र’ किती काळ टिकणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2025 मध्ये ‘2025 पीएन7’ हा लघुग्रह सापडल्यानंतर ‘पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला’ अशा बातम्या वारंवार वाचनात आल्या. तो साधारण 2083 पर्यंत आपल्या सोबत राहील असे त्यांत म्हटले होते. पण हे साल कशावरून ठरले, हे मी वाचलेल्या बातम्यांत नव्हते. शाळेतील मुले नेमके तेच विचारतात, म्हणून हे पत्र.

हा लघुग्रह पृथ्वीभोवती नव्हे, सूर्याभोवती फिरतो. त्याचे वर्ष जवळजवळ आपल्या वर्षाएवढे असल्याने तो आपल्या आसपास दिसतो, इतकेच. ग्रहाच्या कक्षेत दीर्घकाळ टिकण्याच्या जागा वेगळ्या आहेत. ग्रहाच्या 60 अंश पुढे व 60 अंश मागे असे दोन बिंदू असतात, हे गणितज्ञ लॅग्रांज यांनी 1772 मध्ये गणिताने दाखवले आणि 1906 मध्ये खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांना गुरूच्या पुढील बिंदूजवळ ‘अकिलिस’ हा लघुग्रह सापडला. हे बिंदू पालथ्या कढईच्या माथ्यासारखे असतात. तेथील गोटी घरंगळायला हवी, परंतु ती निघताच कोरिऑलिस परिणामामुळे (ग्रहाबरोबर फिरत पाहिले तर हलणारी वस्तू बाजूला वळते, त्यामुळे) तिची वाट वळत जाते आणि ती माथ्याभोवतीच घुटमळत राहते. सूर्य ग्रहाच्या सुमारे 25 पटींहून जड असला की हे साधते, आणि ही अट आपले सर्वच ग्रह पूर्ण करतात.

तरीही गुरूचे दहा हजारांहून अधिक ‘ट्रोजन’, म्हणजे या दोन बिंदूंजवळ राहणारे लघुग्रह माहीत असताना शनीचा पहिला 2024 मध्ये जाहीर झाला, आणि तोही काही हजार वर्षांचाच पाहुणा ठरला, कारण शेजारच्या गुरूची ओढ शनीच्या सोबत्यांना हळूहळू विचलित करते. पृथ्वीचा ट्रोजन ‘2020 एक्सएल5’ देखील किमान 4,000 वर्षे टिकेल, पण कायमचा नाही.

अशा कक्षा गोंधळी (इंग्रजीत ‘केऑटिक’) स्वरूपाच्या असतात. आजच्या स्थानातील अगदी लहान चूक काही शतकांनी वा सहस्रकांनी प्रचंड वाढते, त्यामुळे शास्त्रज्ञ एकाच लघुग्रहाच्या, मोजमापातील त्रुटीच्या मर्यादेत किंचित वेगळ्या अशा अनेक प्रती संगणकावर पुढे-मागे चालवून पाहतात आणि त्यांपैकी किती प्रती कक्षेत टिकल्या, यावरून निष्कर्ष काढतात. म्हणजे दूरच्या काळाविषयीचे उत्तर मुळात शक्यतेचे असते, आणि माझ्या मते बातमीचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो-इंडिया प्रकल्प आकाराला येत असल्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचे खगोलशास्त्राकडे लक्ष वळले आहे. नासाचे ‘लुसी’ यान ऑगस्ट 2027 मध्ये गुरूच्या ‘युरिबेटीस’ या ट्रोजनजवळून जाणार आहे. त्याआधी आपल्या दैनिकाने या विषयावर, अशा कक्षांचे आयुष्य कसे काढतात हे सांगणारा सविस्तर मराठी लेख प्रसिद्ध करावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)